खडकावरची भाजी

(नभोवाणीवरील भाषण)

उन्हाळ्यांत घरीं पाहुणे आले म्हणजे दुधाची जी थंडगार, थरथरणारी वडी आपण पुढें करतों, तिच्यांत बहुधा ‘चायना ग्रास’ घातलेलें असतें. वाण्याकडे त्याचीं पांढऱ्या, चुरचुरीत पट्ट्यांचीं पुडकीं मिळतात. नांवावरून कोणाचाहि असा समज व्हावा कीं, हें चीन देशांतील एखादें गवत असावें. वस्तुतः तें गवतहि नव्हे आणि केवळ चीनचेंहि नव्हे. तें समुद्रांतील तांबड्या शेवाळाचें सत्त्व आहे. म्हणजे ‘शेवाळ का कोठें माणसें खातात?’ असें विचारणाऱ्या पुष्कळ घरांतून तें कधींच खाऊन झालेलें आहे!

शेवाळ म्हटलें कीं, आपल्या डोळ्यांपुढें विहिरीच्या पायऱ्यांवरचा तो हिरवा, निसरडा थर उभा राहतो. समुद्रांतील शेवाळाचा पसारा त्याहून फार मोठा आहे. या वनस्पतीला खरें मूळ नाहीं, खोड नाहीं, फूल नाहीं आणि फळहि नाहीं. बुडाशीं चकतीसारखा किंवा बोटांसारखा एक अवयव असतो. त्यानें ती खडकाला घट्ट धरून राहते. त्याला आपण ‘पकड’ म्हणूं. ही पकड झाडाच्या मुळाप्रमाणें अन्न शोषीत नाहीं. केवळ आधार देते. अन्नाचा पुरवठा सभोंवतालच्या पाण्यांतून, सर्वांगानें होतो. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. रंगावरून या शेवाळांचे तीन वर्ग पाडतात: हिरवीं, तपकिरी आणि तांबडीं. मनुष्याच्या ताटांत या तिन्हींतील कांहीं जाति आलेल्या आहेत.

समुद्रकांठीं जाऊन शेवाळ वेंचावें आणि घरीं आणून शिजवावें, हा प्रघात ज्या देशांत आजतागायत जिवंत आहे, त्यांपैकीं वेल्स हा एक. हा प्रदेश ब्रिटनच्या पश्चिम अंगाला आहे. तेथील खडकांवर ‘लेव्हर’ नांवाचें तांबड्या वर्गांतील शेवाळ वाढतें. ओहोटीच्या वेळीं पाहिलें तर खडकावर कोणी डांबराचा पातळ हात फिरविला आहे कीं काय, असें वाटतें. पण तेंच पाण्यांत उलगडलें म्हणजे जांभळट तपकिरी, रेशमासारखें तलम पान दिसतें. या पानाची जाडी अवघी एका पेशीची असते. तें दिवसांतून दोनदां उन्हावाऱ्यांत वाळून चुरचुरीत होतें आणि भरती आली कीं पुन्हा तजेलदार होतें. असें सोसणारें पान शिजावयालाहि चिवट असावें, यांत नवल नाहीं.

पूर्वीं पेम्ब्रुकशायरच्या किनाऱ्यावर फ्रेशवॉटर वेस्ट नांवाच्या पुळणीवर लेव्हर वाळविण्यासाठीं गवतानें शाकारलेल्या झोपड्या होत्या. जवळच्या अँगल गांवांतील बायका ओहोटीच्या वेळीं शेवाळ गोळा करून त्या झोपड्यांत पसरीत, आणि मग तें आगगाडीनें स्वॉन्सीच्या बाजारीं जाई. त्यांतील एक झोपडी आजहि जपून ठेवलेली आहे. स्वॉन्सीच्या मंडईंत शिजविलेलें लेव्हर अद्यापि विकत मिळतें. दक्षिण वेल्समधील कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या मजुरांची तर ती नित्याची न्याहारी होती.

आतां तें गोळा करावयाचें कसें, तें पाहूं. पहिला प्रश्न वेळेचा. स्वॉन्सीपाशीं उधाणाच्या दिवशीं भरती-ओहोटींतील अंतर ८ मीटरांहून अधिक असतें. एवढें पाणी एकदां परतूं लागलें म्हणजे तें कोणाची वाट पाहत नाहीं. आपल्या कोंकणांतील जुन्या माणसांना घड्याळावांचून भरतीची वेळ सांगतां येते. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजतां, अष्टमीला सहा वाजतां. आणि तेथून सुमारें सव्वासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबई-कोंकणापुरता खरा. वेल्समध्यें तो चालावयाचा नाहीं, तेथें लोक छापील कोष्टकें पाहतात. पण नियम दोन्हीकडे एकच: ओहोटीच्या मागें मागें चालत जावें, आणि भरतीच्या पुढें पुढें चालत परत यावें. एकट्यानें जाऊं नये, आणि समुद्राकडे पाठ करून फार वेळ वांकून राहूं नये.

दुसरा प्रश्न कापण्याचा. मघाशीं ज्या पकडीविषयीं सांगितलें, तिचें महत्त्व येथें आहे. शेवाळ उपटावयाचें नाहीं; कात्रीनें किंवा चाकूनें वरचें पान कापावयाचें, आणि पकड व तिच्यालगतचा कांहीं भाग खडकावरच राहूं द्यावयाचा. तो राहिला तर पुष्कळ जातींत पान पुन्हा फुटतें. तो उपटला तर ती जागा उघडी पडते. एकाच खडकावरचें सगळें नेऊं नये. थोडें येथें, थोडें तेथें, असें घ्यावें. पुळणीवर लाटांनीं आणून टाकलेलें शेवाळ खाण्याच्या कामाचें नव्हे. तें किती दिवसांचें आहे आणि कोठून वाहत आलें, हें कोणी सांगावें? खडकाला धरून असलेलें, ताजें शेवाळच घ्यावें, आणि त्यांतील वाळू व बारीक शंख तेथेंच समुद्राच्या पाण्यांत खळबळून काढावे.

तिसरा प्रश्न पाण्याचा; आणि तो सर्वांत महत्त्वाचा. शेवाळ सर्वांगानें पाणी पितें, म्हणून पाण्यांत जें असेल तें त्याच्या अंगांत उतरतें. शहराचें सांडपाणी, बंदरांतील तेल, कारखान्यांतून आलेले धातूंचे अंश, हें सगळें त्याच्या वांट्याला येतें. शिजविल्यानें जंतु मरतात हें खरें, पण शिसें किंवा पारा शिजविल्यानें जात नाहीं. म्हणून नाल्याच्या, बंदराच्या व खाडीच्या मुखाजवळचें शेवाळ दिसावयाला कितीहि टवटवीत असलें तरी त्याला हात लावूं नये.

घरीं आणलेलें लेव्हर सात-आठ पाण्यांनीं धुतात. तेवढ्यानेंहि दांताखालीं वाळू आली तर दोष धुणाराचा! मग तें मंद आंचेवर कित्येक तास शिजत ठेवतात. हळूहळू त्याचा काळपट हिरवा, चकचकीत गोळा होतो. आपल्या अळूच्या फदफद्याची ज्यांना आठवण आहे, त्यांना त्याचें रूप निराळें सांगावयास नको. याला तिकडे ‘लेव्हर ब्रेड’ म्हणतात. पण त्यांत पाव नसतो कीं पीठहि नसतें, केवळ नांव तेवढें भाकरीचें. हा गोळा ओटच्या भरड पिठांत घोळवून त्याच्या लहान चकत्या करतात आणि डुकराच्या चरबीवर परततात. सोबतीला तिसऱ्यांसारखे ‘कॉकल’ नांवाचे शिंपले असतात. मांस न खाणारे लोक लोण्यावर परतून वर लिंबू पिळतात. चव खारट, थोडी समुद्राची आणि थोडी पालेभाजीची. पहिल्या घांसाला ती आवडतेच असें नाहीं. पण शेपूची भाजी तरी पहिल्या घांसाला कोणाला आवडली होती?

वेल्सच्या पलीकडे आयर्लंड आहे. तेथें दोन शेवाळांना मान आहे. एक ‘डल्स’. तें वाळवून नुसतेंच चघळतात. उत्तर आयर्लंडांतील बॅलीकॅसल गांवीं ऑगस्टअखेर जी जत्रा भरते, तींत आपल्याकडील चणेफुटाण्यांप्रमाणें डल्सच्या पुड्या विकतात. दुसरें ‘कॅरगीन’. तें पावसापाण्यानें धुऊं देऊन उन्हांत पसरतात, म्हणजे त्याचा जांभळा रंग उडून तें पिवळट पांढरें होतें. तें सुमारें ७ ग्रॅम घेऊन थोडा वेळ भिजवावें, पाऊण लिटर दुधांत मंद उकळावें, गाळावें, साखर घालून निवूं द्यावें, कीं दूध आपोआप थिजतें. आयर्लंडांत १८४५ नंतर बटाट्याचें पीक कुजून जो भीषण दुष्काळ पडला, त्यांत किनाऱ्यावरच्या पुष्कळ लोकांनीं शेवाळ आणि शिंपले यांवर दिवस काढले. त्यामुळें पुढें पुष्कळ काळ शेवाळ म्हणजे गरिबांचें अन्न, असा कमीपणा त्याला चिकटला. आपल्याकडे नाचणीवर आणि वरईवर हाच प्रसंग आला होता, आणि आतां त्याच नाचणीचीं बिस्किटें आपण महाग भावानें घेतों!

लेव्हरचेंच सख्खें भावंड जपानांत ‘नोरी’ या नांवानें खातात. कागदासारखे त्याचे काळपट हिरवे ताव करून त्यांत भात गुंडाळतात. आपल्या शहरांतील तरुण मंडळी उपाहारगृहांत ‘सुशी’ म्हणून जें खातात, त्याचें वेष्टन हेंच. या नोरीची आणि वेल्सच्या लेव्हरची गांठ एका इंग्रज विदुषीनें घातली. ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

जपानी शेतकरी उथळ उपसागरांत शरद ऋतूंत झाडांच्या फांद्या, बांबू किंवा जाळीं रोवून ठेवीत. कांहीं दिवसांनीं त्यांवर नोरीचे अंकुर दिसूं लागत. हिवाळाभर पीक निघे आणि उन्हाळ्यांत तें नाहींसें होई. तें उन्हाळ्यांत जातें कोठें आणि शरदांत येतें कोठून, हें मात्र कोणालाच ठाऊक नव्हतें. शेतकऱ्याजवळ बीज नव्हतें. समुद्र देईल तें घ्यावयाचें. म्हणून नोरीला ‘नशिबाचें गवत’ असेंहि म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत हें नशीब फिरलें. पीक बुडालें आणि हजारों कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला.

त्याच सुमारास इंग्लंडांत मँचेस्टर येथें कॅथलीन ड्रू-बेकर या बाई लेव्हरचा अभ्यास करीत होत्या. यांचा जन्म १९०१ सालचा. त्या विद्यापीठांत शिकवीत असत. पण १९२८ सालीं त्यांचा विवाह झाला, आणि विवाहित स्त्रीला नोकरींत ठेवावयाचें नाहीं, असा तेव्हांचा नियम असल्यामुळें त्यांची जागा गेली. त्यांनीं संशोधन सोडलें नाहीं. पुढें त्या बिनपगारी मानद संशोधक म्हणून काम करीत राहिल्या. लेव्हरचे बीजाणु शिंपल्यावर सोडून पाहतां त्यांना आढळलें कीं, ते शिंपल्याच्या आंत शिरतात आणि तेथें गुलाबी तंतूंच्या रूपानें वाढतात. हे गुलाबी तंतु शास्त्रज्ञांना १८९२ पासून माहीत होते. पण ती एक निराळीच वनस्पति आहे असें समजून तिला निराळें नांवहि दिलें गेलें होतें! बाईंनीं दाखवून दिलें कीं, या दोन वनस्पति नव्हेत, एकाच वनस्पतीचीं दोन वयें आहेत. बेडकाचें पिल्लू पाहून त्याला कोणी मासा म्हणावें, तसाच हा प्रकार. १९४९ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत त्यांचा लहानसा लेख प्रसिद्ध झाला.

जपानी शास्त्रज्ञांनीं तो वाचला आणि त्यांतील मर्म ओळखलें. नोरी उन्हाळ्यांत शिंपल्यांत लपून असते, तर शिंपलेच हौदांत ठेवून तिला वाढवावें; आणि शरदांत तिचे बीजाणु बाहेर पडूं लागले कीं, ते जाळ्यांवर बसवून जाळीं समुद्रांत लावावीं. शेतकऱ्याच्या हातीं प्रथमच बीज आलें. आज नोरीची जी प्रचंड शेती चालते, ती याच पद्धतीनें. ड्रू-बेकर बाई १९५७ सालीं वारल्या; जपान त्यांनीं कधींच पाहिला नाहीं. १९६३ सालीं क्यूशू बेटावरील उतो गांवीं समुद्राकडे पाहणारें त्यांचें स्मारक उभारण्यांत आलें, आणि १४ एप्रिल या दिवशीं तेथें त्यांचा उत्सव होतो. पगार न घेणाऱ्या एका बाईंचें ऋण परदेशच्या कोळ्यांनीं अशा रीतीनें मानलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. ‘चायना ग्रास’चें शास्त्रीय नांव ‘अगर’. यालाहि एका गृहिणीनें मोठें काम करून दिलें आहे. १८८१ सालीं जर्मनींत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेंत वाल्टर हेसे हे जंतूंची वाढ करूं पाहत होते. त्यासाठीं ते जिलेटिन वापरीत. पण शरीराइतक्या उष्णतेला तें वितळून जाई. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांना स्वयंपाकांतील अगर माहीत होतें; जावा बेटांत राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना तें कळलें होतें. त्यांनीं तें सुचविलें, आणि जगांतील प्रयोगशाळांत तें आजतागायत चालूं आहे. याचें कारण असें कीं, अगर सुमारें ३५ ते ४० अंशांवर थिजतें, पण एकदां थिजलें म्हणजे ८५ अंशांच्या आसपास तापविल्यावांचून वितळत नाहीं. आपल्या वैशाखांतहि वडी ताटांत उभी राहते, ती यामुळेंच. शिवाय जिलेटिन जनावरांच्या हाडांकातड्यांपासून काढतात, अगर केवळ वनस्पतीचें. तेव्हां शाकाहारी घरानें पुडक्यावरील नांव वाचून घेणें बरें.

वडी साधण्याची रीत सोपी आहे. एक लिटर दुधाला १० ग्रॅम अगर पुरे. पट्ट्या कात्रीनें बारीक कापून अर्धा तास थंड पाण्यांत भिजत घालाव्या. मग त्याच पाण्यांत पूर्ण विरघळेपर्यंत उकळाव्या; एकहि तंतु दिसतां कामा नये. दूध साखर घालून दुसऱ्या चुलीवर गरम ठेवावें, आणि त्यांत हें पाणी गाळून ओतावें. थंड दुधांत ओतलें तर अगर लागलीच थिजतें आणि गुठळ्या होतात. पुष्कळांची वडी बिघडते ती येथेंच.

भारतांत होणाऱ्या अगरासाठीं लागणारें शेवाळ तामिळनाडूंतील रामनाथपुरम् जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मुख्यतः स्त्रिया काढतात. साडीवर सदरा चढवून, डोळ्यांना चष्मे लावून, पायांना पत्र्याच्या चकत्या बांधून त्या मन्नारच्या आखातांत बुड्या मारतात. प्रवाळाच्या धारेनें हातपाय कापतात तें निराळेंच. महिन्यांतील मोजकेच दिवस त्या पाण्यांत उतरतात. आपल्या ताटांतील वडीमागें कोणाचे तरी असे श्रम असतात, हें मुलांना सांगावें.

आपल्या कोंकण-गोमंतकच्या खडकांवरहि लेव्हरच्या कुळांतील एक शेवाळ पावसाळ्यांत उगवतें. पण तो ऋतु समुद्र खवळण्याचा. त्या वेळीं खडकावर जाणें म्हणजे जिवाशीं खेळ. मुंबईच्या किनाऱ्यावरील पाण्याची स्थिति तर सर्वांना ठाऊकच आहे. मालवणच्या समुद्राचा कांहीं भाग १९८७ पासून संरक्षित आहे, तेथून कांहीं उचलतां येत नाहीं. म्हणून, सहलीला गेलां असतां मुलांना शेवाळ अवश्य दाखवावें, त्याची पकड दाखवावी, पण जाणत्या माणसाच्या सोबतीवांचून तें घरीं आणून शिजवूं नये. ‘आमच्याकडे नेहमींच खातात’ एवढा आधारहि नेहमीं पुरत नाहीं. १९९१ सालीं ग्वाम बेटावर ओळखीचें, सदा खाण्यांतलें तांबडें शेवाळ खाऊन माणसें आजारी पडलीं आणि त्यांपैकीं तिघे दगावले.

विकत घेतलेल्या शेवाळाविषयींहि दोन शब्द. १८११ सालीं बर्नार कूर्त्वा या फ्रेंच गृहस्थांना शेवाळाच्या राखेंतच आयोडीन प्रथम सांपडलें. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतें, आणि आपल्या घरांतील मिठांत तें घातलेलेंच असतें. ‘केल्प’ किंवा ‘कोम्बू’ या तपकिरी शेवाळाच्या एका ग्रॅमांत याच्या कित्येक पट आयोडीन असूं शकतें. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा विकार असणारांनीं आणि गरोदर स्त्रियांनीं तें वैद्याला विचारल्याशिवाय घेऊं नये. ‘हिजिकी’ नांवाच्या शेवाळांत सोमल बराच असतो. ब्रिटनच्या अन्नखात्यानें तें खाऊंच नये, असा सल्ला दिला आहे. नोरी त्या मानानें निर्धास्त. तिच्यांत प्रथिनें पुष्कळ असतात, अशी जाहिरात आपण वाचतां. पण एका तावाचें वजन अवघें ३ ग्रॅम. त्यांत एक ग्रॅमच्या आसपास प्रथिन येणार! तेव्हां डाळीची जागा नोरी घेईल, या भ्रमांत राहूं नये. चवीसाठीं खावी, औषध म्हणून नव्हे.

श्रोते हो, वेंचून खाण्याची विद्या म्हणजे फुकटचें पदरांत पाडून घेण्याची विद्या नव्हे. काय घ्यावें, केव्हां घ्यावें आणि किती मागें ठेवावें, हें कळणें म्हणजे ती विद्या. तिच्यांतील पहिल्या दोन गोष्टी माणसाला भूक शिकविते. तिसरी मात्र शहाणपणानेंच शिकावी लागते. पुढच्या वेळीं दुधाची वडी ताटांत आली म्हणजे तिच्या आरपार जरा खडक, ओहोटी आणि पाण्यांत उतरलेल्या त्या बायका पाहण्याचा प्रयत्न करा, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.